टायरचा दिवा लुकलुकतोय की नुसताच पेटलाय?

नमस्कार मंडळी! डॅशबोर्डवरचा हा पिवळा दिवा बघा. घोड्याच्या नालासारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. तो नाल म्हणजे खालून दबलेल्या टायरचा छेद.

गेल्या डिसेंबरात पहाटे समृद्धीला निघालो आणि हाच दिवा मिनिटभर लुकलुकून तसाच पेटून राहिला. पंपावर चारही चाकांची हवा तपासली, नीट होती. दिवा काही जाईना. सात वर्षं जुनी गाडी. हवा बरोबर होती, चाकातला हवा मोजणारा सेन्सरच गेला होता. दिवा सलग पेटला तर हवा कमी. सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत यंत्रणाच बिघडलेली असते. हा फरक गॅरेजमध्ये कुणी सांगत नाही, म्हणून हा व्हिडिओ.

(जुना सेन्सर कॅमेऱ्याजवळ धरून)

हा बघा तो सेन्सर. व्हॉल्वच्या बुडाशी, रिमच्या आत बसतो. या बारीक भोकातून टायरमधली हवा आतल्या चिपवर दाब देते. चिप दाब आणि तापमान मोजते आणि रेडिओने गाडीला कळवते. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत 433 मेगाहर्ट्झवर. गाडी उभी असली की हा झोपतो, चाक फिरलं की जागा होतो, म्हणून नाण्याएवढा सेल पाच ते दहा वर्षं पुरतो. मी हा कापून पाहिला. सेलभोवती काळा, राळेसारखा मसाला ओतून घट्ट केलाय. सेल बदलता येत नाही, सेन्सरच नवा घ्यावा लागतो.

काही गाड्यांत चाकात असलं काही नसतंच. तिथे एबीएसचे, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाकाचा वेग बघतात. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते, ते इतरांपेक्षा जरा जास्त फिरतं, त्यावरून गाडी ओळखते. पण चारही टायर हळूहळू सारखेच बसले, तर तिला फरक कळणं अवघड. आणि अशा गाडीतलं रिसेटचं बटण हवा भरल्यानंतरच दाबा. कमी हवेत दाबलंत तर गाडी त्या कमी हवेलाच बरोबर समजून बसते. ही चूक मी फार ठिकाणी पाहिलीय, आणि दरवेळी जीव टांगणीला लागतो.

अमेरिकेत फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्स्प्लोररच्या अपघातांनंतर 2000 साली कायदा झाला. सप्टेंबर 2007 पासून तिथल्या नव्या हलक्या गाड्यांत ही यंत्रणा सक्तीची आहे. तिथल्या नियमात हवा 25 टक्के घटली की दिवा लागलाच पाहिजे. म्हणजे 32 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) दाबाच्या टायरला तो 24 वर लागला तरी नियमात बसतं. तोवर 120 च्या वेगात टायरची बाजू दुमडून दुमडून तापलेली असते. त्यामुळे दिव्याची वाट बघू नका, हवा मोजायचं गेज गाडीत ठेवा. थंडीत तापमान 10 अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय आपोआप कमी होतो, म्हणून पहाटे दिवा लागतो आणि दुपारी विझतो. तो खोटा नसतो. हवा काठावर आलेली असते.

2020 पासून आपल्याकडे ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि हा सेन्सर असेल, तर प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. पण त्याच किटमधला चिकट द्रव सेन्सरचं भोक बुजवू शकतो. किट वापरलंत तर टायर उघडल्यावर सेन्सर पुसून, तपासून घ्या. टायर उतरवण्याआधी पंक्चरवाल्या दादांना सांगा, व्हॉल्वपाशी सेन्सर आहे. मशीनची पट्टी तिथे लागली की तो तुटलाच.

(व्हॉल्वची पिन दाखवून)

आणि ही पिन. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्वमध्ये साधी पितळी पिन बसवली, तर पावसाळ्यात दोन धातू एकमेकांना खातात, पांढरी भुकटी धरते आणि पिन आतच जाम होते. माझा नवा सेन्सर बसवताना दादांनी सवयीने पितळीच पिन उचलली होती. मी हात धरला आणि निकेलचा मुलामा असलेली मागून घेतली. ती बसवली, चाक लावलं, सेन्सरचा नंबर गाडीला ओळखायला लावला. दहा मिनिटं गाडी फिरवल्यावर दिवा विझला.