अर्पण तिथेच ठेव

(उपवासकाळातल्या व्याख्यानमालेत पुण्यातल्या एका मराठी मंडळीत झालेलं भाषण, थोडं आवरून)

पाळकसाहेब, महिला संघाच्या भगिनींनो आणि भर उन्हात गुरुवार पेठेत आलेल्या सगळ्यांनो, जय ख्रिस्त.

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘डोंगरावरचं प्रवचन आणि आपला आठवडा’, म्हणजे येशूनं डोंगरावर दिलेली शिकवण. पैसा, शब्द, वैरी आणि काळजी, असे चार मुद्दे घेईन म्हणून मी कबूल केलंय. ते घेईनच. पण दोन वर्षं झाली, माझं मन एका वचनापाशी अडून बसलंय. मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय पाच, वचनं तेवीस आणि चोवीस. तुम्हाला पाठ आहे. तू आपलं अर्पण घेऊन वेदीजवळ आलास आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये.

आता मला सांगा, यात कोणाच्या मनात कोणाविरुद्ध काही आहे?

बघा, दुसऱ्या बाकावरून उत्तर आलं, ‘आपल्या मनात भावाविरुद्ध.’ रागावू नका ताई, हा प्रश्न मी रविवारच्या शाळेत विचारला, घरी विचारला, आणि जवळजवळ दर वेळी हेच उत्तर मिळालं. आत्ताच वचन ऐकलं, तरी कानात उलटं शिरतं. येशू म्हणतोय, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध. चुकलेले आपण आहोत, दुखावलेला तो आहे.

मी ३२ वर्षं एका पतसंस्थेत हिशेब लिहिले. कीर्द, खतावणी, वर्षअखेरीचा ताळेबंद. एक गोष्ट तिथे पक्की कळली. येणं माणसाला झोपेतून उठवलं तरी पैशासकट आठवतं. देणं आठवायला वही उघडावी लागते. आपण क्षमेवर खूप बोलतो, गातो, आणि ते हवंच. पण क्षमा करताना आपण धनको असतो, हात वर असतो. या वचनात आपण ऋणको आहोत. म्हणून ते आपल्या कानात सरळ राहत नाही.

दुसरी गोष्ट, जी मला फार उशिरा लक्षात आली. येशू हे बोलतोय कुठे? गालीलात, डोंगरावर, कोळ्यांसमोर, शेतकऱ्यांसमोर. आणि वेदी कुठे आहे? गालीलात नाही. गावोगाव सभास्थानं होती, तिथं शास्त्र वाचलं जायचं, पण होमाची वेदी एकच, यरुशलेमच्या मंदिरात. गालीलातून यरुशलेम सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पायी तीन-चार दिवस.

आता हेच आपल्या रस्त्यावर आणून बघा. नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, इथून एकशेवीस किलोमीटर. आपल्यातल्या कितीतरी घरांची मुळं तिकडेच आहेत. समजा आपल्यातलाच एक शेतकरी कोकरू खांद्यावर घेऊन नगरहून चालत निघालाय. एक मुक्काम सुप्याला, एक शिरूरला, एक शिक्रापूरला. चौथ्या दिवशी पुण्यात पोचला, पाय सुजलेत, रांगेत उभा राहिला, पुढे दोघंच उरलेत. आणि तिथं त्याला आठवतं की बांधावरून शेजाऱ्याशी भांडण झालं तेव्हा खोटं आपण बोललो होतो. येशू म्हणतो, कोकरू इथेच सोड आणि नगरला जा. चालत. मिटव, आणि पुन्हा चालत ये. ऐकणाऱ्या गालीलकरांना ती वाट पायांनी ठाऊक होती, सणासुदीला ते ती तुडवायचे. त्यांच्या पोटात गोळा आला असेल. आपण मात्र वेदी एका खोलीत आणि भाऊ शेजारच्या खोलीत असल्यासारखं हे वाचतो.

उपासनेत आपण एकमेकांना शांतीचं अभिवादन करतो ना, ‘ख्रिस्ताची शांती तुमच्यासोबत असो’, ते अर्पणाआधी असतं ते याच वचनामुळे. पण आपण हात कोणाशी मिळवतो? बाकावर शेजारी बसलेल्याशी, ज्याच्याशी आपलं बरं आहे त्याच्याशी. ज्याच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे तो त्या बाकावर नसतो. पुष्कळदा तो या इमारतीतही नसतो. माझा तर नव्हताच.

ते सांगते. दोन वर्षांपूर्वी नाताळाआधी मी घराला रंग काढला. रंगारी चांगला माणूस, बरोबर हाताखाली एक पोरगा. बावीस हजारांत ठरलं. काम सुरू करायच्या आधी आतल्या खोलीत खिडकीखाली त्यानं भिंतीवर तळवा ठेवला आणि मला म्हणाला, ‘ताई, हात लावून बघा, गार लागतंय. भिंत आतून ओली आहे. इथं रंग धरणार नाही.’ मी करंज्यांच्या गडबडीत होते. म्हटलं, मारा हो, पाहुणे यायचेत. त्यानं मारला. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात पापुद्रे सुटले. बोट लावलं की पोपडा हातात यायचा, आत पिवळट डाग. साडेतीन हजार द्यायचे राहिले होते. मी म्हटलं, आधी हे नीट करा, मग पैसे. तो म्हणाला, मी आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, काही सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला खरंच आठवत नव्हतं. त्यानं चार वेळा फोन केला, पाचव्यांदा केला नाही. मी माझ्या वहीत लिहिलं, ‘रंगकाम, पूर्ण’, आणि खाली रेघ ओढली.

जूनमध्ये पावसाआधी नळाचं काम निघालं. प्लंबरनं त्याच भिंतीला टाचा मारल्या, तर आत पाइपाचा सांधा गंजून पाझरत होता, कित्येक दिवसांपासून. म्हणजे रंगाऱ्याचं म्हणणं बरोबर होतं. मी मान हलवली, प्लंबरचे पैसे दिले आणि विषय तिथेच सोडला.

जुलैचा पहिला रविवार, प्रभुभोजन. मी रांगेतून पुढे गेले, गुडघे टेकले, ओंजळ पुढे केली. आणि त्या ओंजळीकडे बघताना मला त्याचा तळवा दिसला, भिंतीवर ठेवलेला, चुन्यानं चिरा पडलेला. ‘हात लावून बघा, गार लागतंय.’ शब्द न् शब्द आठवला. त्यानं सांगितलं होतं. खोटी मी होते.

मी उठून गेले नाही. भाकर घेतली, प्याला घेतला, घरी आले, जेवले. पुढचे तीन रविवार गेले. मग फोन लावला, तर तो नंबर वापरात नव्हता.

शेवटी एका सकाळी साडेसातला मी मजूर अड्ड्यावर गेले. तुम्ही तिथून रोज स्कूटरवरून जाता. एकदा उतरून बघा. रिक्षातून पाय खाली ठेवला तशी दहा-बारा माणसं भोवती जमली, ‘काय काम आहे ताई? बिगारी पाहिजे? रंग? फरशी?’ कुणाच्या पिशवीत थापी आणि ओळंबा, कुणाच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले ब्रश. मला काम नाही, मी एकाला शोधतेय म्हटल्यावर गर्दी पांगली. मी दहापर्यंत थांबले. तोवर तरुण पोरं टेम्पोंत बसून गेली होती. कट्ट्यावर उरले होते वयस्कर, एक लंगडणारा, दोन बायका डबा मांडीवर घेऊन. मी एका आजोबांना विचारलं, अजून इथेच का? ते म्हणाले, ‘आज कुणी बोलावलंच नाही.’

मत्तय वीस काढून बघा. द्राक्षमळ्याचा दाखला. अकराव्या ताशी, म्हणजे दिवस मावळायला तासभर उरला असताना, धनी बाजारात जातो, विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. तेच वाक्य. दिवसभर राबलेल्यांना आणि तासभर राबलेल्यांनाही सारखाच एकेक दिनार का मिळाला, यावर लहानपणापासून किती प्रवचनं मी ऐकली, कृपा म्हणजे काय, पहिले शेवटचे कसे. सगळं खरं. पण तो दाखला अड्ड्यावर सुरू होतो, आणि मालक दिवसातून पाच खेपा तिथं जातो, हे मला कट्ट्यावर बसल्यावर दिसलं. शिवाय मजुरी त्याच संध्याकाळी. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवायची नाही, ही जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकातली आज्ञा आहे. मी ती सात महिने ठेवली होती.

त्या आजोबांनीच पत्ता दिला. पत्र्याची खोली, दारात निळं पिंप. तो घरीच होता. मी वाटेत माफीचं सगळं जुळवून ठेवलं होतं, कसं सुरू करायचं, काय म्हणायचं. मला बघितलं आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, ‘भिंतीचं काय झालं?’ मी म्हटलं, पाइप फुटला होता, बदलला. ‘मग वाळू द्या अजून महिनाभर. लगेच पुट्टी मारू नका.’ मी तिथंच रडले. त्याच्या बायकोनं चहा ठेवला.

मग त्यानं खिळ्याला अडकवलेल्या शर्टातून छोटी डायरी काढली. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ‘ताई, खिडकीवाली भिंत, ३५०० बाकी’. माझ्या वहीत रेघ ओढून झालेलं खातं त्याच्या डायरीत सात महिने उघडं होतं. पैसे घेऊन त्यानं ती ओळ खोडली. त्याची बायको म्हणाली, हाताखालच्या पोराची मजुरी आम्ही उसनं घेऊन दिली तेव्हा. किती, कुणाकडून, व्याजानं का, मी विचारलं. त्यानं सांगितलं नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदारानं येशूला चौपट परत करीन म्हटलं होतं. मी किती दिलं ते इथं सांगायचं कारण नाही. डाव्या हाताला कळू नये, असंही त्याच प्रवचनात आहे.

चहाचं निघालं म्हणून एक सांगते, पाळकसाहेब, दोनच मिनिटं. आपण जिथं बसलोय तिथून हाकेच्या अंतरावर पंच हौद. १८९० च्या ऑक्टोबरात तिथल्या मिशनमध्ये व्याख्यानाला पुण्यातली मोठमोठी मंडळी आली होती, रानडे, टिळक, गोखले. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी घेतलं, कुणी नुसता हात लावला. मग नावं छापून आली, ग्रामण्य माजलं, म्हणजे ख्रिस्ती हातचा चहा घेतला म्हणून जातीबाहेर टाकायचा वाद पेटला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपापायी. आपल्या आजोबा-पणजोबांनी ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगितली, आपण बघा कुणाच्याही हातचं घेतो. आणि मी? दोन आठवडे तो माणूस माझ्या घरात राबत होता. त्याला मी चहा दिला, पण स्टीलच्या वेगळ्या पेल्यात, गॅलरीत. त्याच्या घरी मला कपबशी मिळाली, कान न तुटलेली, बहुधा एकुलती एक. येशूवर आरोप काय होता? जकातदारांबरोबर आणि पापी लोकांबरोबर जेवतो. हा आरोप आपल्यावर कुणी केलाय का?

पाळकसाहेब घड्याळ दाखवताहेत. दहा मिनिटं? सात. बरं. मग भराभर.

पैसा. प्रभूची प्रार्थना आपण मराठीत कशी म्हणतो? जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. ऋण. नुसता अपराध नाही. दर रविवारी म्हणतो, रोज रात्री म्हणतो. धुण्याभांड्याच्या मावशींची सुट्टी कापताना, भाडेकरूची अनामत परत करताना, तो शब्द आठवावा एवढंच माझं म्हणणं. दानाचा दशांश काढताना आधी देणी वजा करा. जे दुसऱ्याचं आहे ते थैलीत घालता येत नाही.

शब्द. तुमचं होय ते होय असावं, नाही ते नाही. शपथा घेऊ नका असं त्यानं सांगितलं, कारण शपथेची गरज पडते तिथं साधं बोलणं आधीच बुडीत निघालेलं असतं. ‘पाचच मिनिटांत पोचतो’ हे आपण घरातून निघायच्या आधी म्हणतो. मुलं ऐकत असतात. आणि मी जे म्हटलं, ‘काही सांगितलं नव्हतं’, तेही यातच येतं. आठवत नाही आणि सांगितलं नव्हतं, ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

वैरी. यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं. आपल्याला रोमी शिपाई भेटत नाही. आपला वैरी बहुतेक सख्खा असतो, सातबाऱ्यावर आपल्या शेजारी नाव असलेला. त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा, मोघम नको. नाव घेतलं की पुढची वाक्यं बदलतात, हे मी करून पाहिलंय.

काळजी. उद्याची चिंता करू नका, हे वचन आपण कॅलेंडरवर, फ्रिजवर, सगळीकडे लावतो. पण त्याच्या अलीकडचं वाक्य, आधी त्याचं राज्य आणि नीतिमत्त्व शोधा, ते सोडून. आणि भुकेल्याला, परक्याला, तुरुंगातल्याला भेटायचं मत्तय पंचविसात आहे, तेही सोडून. पंडिता रमाबाईंनी इथून साठेक किलोमीटरवर केडगावला दुष्काळातल्या बायकांसाठी शेती, विणकाम, छापखाना उभा केला. त्या वचनांचं मराठी भाषांतरही त्यांनी केलं आणि छपाईचा खिळाही, म्हणजे शिशाची अक्षरं, तिथल्याच बायकांनी जुळवला. वेळ असता तर मला हेच सांगायचं होतं.

आता एक विनंती, आणि ही मी पास्टरेट कमिटीला, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीला, लेखीही दिली आहे. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी प्रभुभोजन आहे. शांतीचं अभिवादन झालं की अर्पणाची थैली फिरवण्याआधी पाच मिनिटं थांबू या. पंखे चालू राहू देत, पेटी वाजवू नका. मागचं दार उघडं ठेवा. ज्याला कुठे जायचं आठवेल त्यानं उठावं आणि जावं, फोन करायला व्हरांड्यात, नाहीतर हडपसरला, नाहीतर नगरला. कोण उठलं हे वळून बघू नका. तो त्या दिवशी परत येणार नाही कदाचित. पाळकसाहेब, त्याच्यासाठी भाकर झाकून ठेवा.