‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहायचं?

गेल्या जुलैत आपल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेचे अर्ज आम्ही नव्यानं भरून घेत होतो. एक मुलगा ‘व्यवसाय’ या रकान्याशी येऊन अडला. मुलगा म्हणतोय खरा, पण वय एकोणतीस. पेन तसंच हातात धरून त्यानं विचारलं, ‘सर, इथं काय लिहू?’ पदवी होऊन आठ वर्षं झाली, तेव्हा विद्यार्थी म्हणवत नाही. नोकरी लागलेली नाही. शेत वडिलांच्या नावावर आहे. बेकार असं स्वतःच्या हातानं लिहवेना, आणि ते खरंही नव्हतं. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत बाकावर असतो. आज मी त्या रकान्याबद्दल बोलायला उभा आहे.

कायद्यानं तो अकरा वर्षांपूर्वीच सज्ञान झाला. मतदानाचं वय पूर्वी एकवीस होतं, १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीनं ते अठरावर आलं. म्हणजे सरकार निवडायची जबाबदारी आपण मुलांवर लवकर टाकली. पण स्वतःच्या कमाईची भाकरी मात्र वर्षागणिक लांब गेली.

आपल्या भाषेत मोठं होण्याला किती नेमके शब्द होते बघा. पोरगा हाताशी आला. दोनाचे चार हात झाले. वेगळी चूल मांडली. कर्ता झाला. हे सगळे शब्द दोनच गोष्टींवर उभे होते, जमीन आणि लग्न. ते दिवस फार चांगले होते असं मी म्हणणार नाही. मुलींना तर कुणी विचारतही नव्हतं. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, त्यात शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा केलं होतं, एवढंच. आणि तेवढ्यावरूनही पुण्यात केवढा गहजब झाला! पण मोठं कधी व्हायचं हे तेव्हा घराला आणि गावाला ठाऊक असायचं.

आता जमिनीचं पाहू. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडं सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर रान होतं. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. सव्वातीन एकर! त्यातही कोरडवाहू किती, तुम्हीच सांगा. पोरगा हाताशी आला, तर त्या हातांना काम कुठलं द्यायचं? म्हणून बापच म्हणतो, ‘तू शिक, पोस्ट काढ.’ म्हणजे परीक्षा देऊन सरकारी नोकरी मिळव. मग पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एका खाटेपुरतं भाडं देऊन राहणं, मेसचा डबा, अभ्यासिकेची फी. पैसे संपले की परत तालुक्याला, आपल्याकडं.

आणि जागा किती? २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजारांहून जास्त जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. शंभरातली नव्व्याण्णव पोरं पहाटे उठून पळतात आणि घरी परततात. ती कमी पडली असं मला कुणी सांगू नये.

२०१६ साली राज्य सरकारनं नोकरीची वयोमर्यादा वाढवली, खुल्या वर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३. हेतू चांगला होता, अनेकांना संधी मिळाली. पण त्याबरोबर ताटकळण्याची मुदतही वाढली. जाहिरात, पूर्व, मुख्य, मुलाखत, निकाल, मध्ये एखादं न्यायालयीन प्रकरण, असं करत एका अटेम्प्टमागं वर्ष-दोन वर्षं जातात. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढं ढकलली, तेव्हा पुण्यात शास्त्री रोडवर हजारो मुलं उतरली. आपल्या इथली सहा जणं त्या गर्दीत होती. परत आल्यावर त्यातला एक मला म्हणाला, ‘सर, अभ्यासाचं काही नाही वाटत. घरी काय सांगायचं?’

नोकरी नाही म्हणून लग्न नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. लोक हसले. मला ते बघवलं नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ९१३ मुली होत्या. ती मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत. मुली नको म्हणणाऱ्या आपल्या पिढीचा हिशेब आता या पोरांसमोर येतोय.

मुलींचं घड्याळ तर आणखी वेगळं चालतं. अभ्यासिकेत खिडकीजवळ बसणारी एक मुलगी होती. वडिलांशी तिचा करार होता, दोन वर्षं. नाही झालं तर येईल ते स्थळ. परीक्षा पुढं गेली, घरची मुदत गेली नाही. तिची वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, महाराष्ट्राच्या भूगोलाच्या टिपणांची. इतकं सुंदर अक्षर मी फार कमी पाहिलंय.

इथं समोर आईवडील बसलेत, त्यांना मला कळकळीनं विचारायचंय. तुमच्यावर सोसायटीचं कर्ज किती आहे, हे त्या अठ्ठावीस वर्षांच्या पोराला माहीत आहे का? म्हैस विकायची ठरली तेव्हा त्याला विचारलंत? बहिणीच्या स्थळाची बोलणी झाली तेव्हा तो बैठकीत होता, की ‘तू अभ्यास कर’ म्हणून आत पाठवलात? प्रेमानंच पाठवलंत, मला कळतं. पण पोस्ट निघेपर्यंत त्याला लहानच धरलं, तर चौतिसाव्या वर्षी पोस्ट निघो न निघो, घराचा भार उचलायची सवय त्याला कुठून लागणार?

त्या मुलानं शेवटी रकाना कोरा ठेवला. अर्ज माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘सर, आज चारला जरा उठतो. गावाकडून माणसं आलीत.’ चार वाजता बाहेर पाहिलं, तर ओट्यावर सात-आठ म्हातारी माणसं बसली होती, सातबारा आणि पासबुकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन. पीक विम्याची मुदत संपत आली होती. तो एकेकाचं नाव विचारत होता, गट नंबर तपासत होता, फॉर्म भरत होता. एका आजींचा आधारशी जोडलेला मोबाइल नंबर बंद पडला होता. तो दुरुस्त करायला आजींना बरोबर घेऊन तो बाजारपेठेतल्या केंद्राकडं निघाला, तेव्हा सव्वासहा झाले होते. साडेसातला तो परत आपल्या बाकावर येऊन बसला.