खोलीचा दर आणि टाकीचं पाणी
(कोकण किनाऱ्यावर घर भाड्याने देणाऱ्या मालकांपुढच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय ‘सुट्टीच्या घराचा दर कसा ठरवावा’. दराकडे येतोच. पण दर ठरवण्याआधी आपण विकतो काय ते ठरवावं लागतं. तुम्हाला वाटतं आपण खोली विकतो. कुणी म्हणेल समुद्र विकतो. समुद्र फुकट आहे आणि खोली शेजारच्याकडेही आहे. पाहुणा पैसे मोजतो ते पाण्यासाठी. तोटी फिरवली की पाणी आलं पाहिजे आणि वापरलेलं पाणी पुन्हा दिसता कामा नये. हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा, आणि आज थोडी दुर्गंधी सहन करावी लागेल.

आधी येणारं पाणी. शहरी पाणीपुरवठ्याचा हिशोब माणशी दिवसाला १३५ लिटरचा असतो. तो घरी राहणाऱ्या माणसाचा. सुट्टीवरचा माणूस सकाळी आंघोळ करतो, समुद्रात डुंबून आला की पुन्हा करतो आणि संध्याकाळी मुलांचे पाय धुतो. शॉवरमधून मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी जातं, म्हणजे सहा मिनिटांच्या आंघोळीला ५०-६० लिटर. म्हणून माणशी २०० लिटर धरा. आठ माणसांचे १६००, धुणं-भांडी-फरशीचे ४००, एकूण २०००. आणि आपल्या गच्चीवर असते काय? हजार लिटरची एक काळी टाकी! ती शनिवारी रात्री साडेनऊला संपते. त्याच वेळी वीज जाते आणि पंप विजेवर चालतो. अंगाला साबण लावून उभ्या असलेल्या माणसाने दिलेला अभिप्राय कसा असतो ते तुम्ही वाचलेलं आहे.

गच्चीवर २००० आणि खाली ५००० लिटरची सोय करा. ज्यांना आज जमत नाही त्यांच्यासाठी स्वस्त उपाय सांगतो. बाथरूमला जाणाऱ्या पाइपचं तोंड टाकीच्या तळाशी असतं. ते बंद करा आणि पाव उंचीवर नवं भोक पाडून टँक निपल, म्हणजे टाकीला पाइप जोडणारा तुकडा, बसवा. फ्लशची लाइन तळाशीच राहू द्या. शॉवर कोरडा पडला तरी संडासासाठी अडीचशे लिटर शिल्लक राहतं. आंघोळ तासभर लांबलेली माणूस विसरतो, दुसरी अडचण विसरत नाही.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. इथला जांभा दगड पाणी पितो आणि तितक्याच लवकर सोडतो. घरं मात्र मे महिन्यातच भरलेली असतात. किनाऱ्यालगतच्या विहिरी उपसा वाढला की मचूळ होतात. ते पाणी गीझरमध्ये गेलं की एलिमेंटवर क्षार चढतात, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी टाकीला भोक पडतं. गीझरमध्ये मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो. टाकीऐवजी आपण गंजायचं, एवढंच त्याचं काम. तो वर्षातून एकदा उघडून बघा. बहुतेकांना तो असतो हेच माहीत नसतं. शेवटी गीझर बदलतो आणि दोष कंपनीला जातो.

आता जाणारं पाणी. अंगणात सुंदर पेव्हर ब्लॉक बसवलेल्या किती जणांना सेप्टिक टँकचं झाकण कुठे आहे ते ठाऊक आहे? हात वर करा. पाच. आणि त्यातल्या दोघांचे हात शंकेनेच वर आलेत.

आपली घरं बांधली ती पाच माणसांसाठी. पाच माणसांच्या सेप्टिक टँकचं माप साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत पाण्याची खोली एक मीटर. म्हणजे सुमारे ११०० लिटर. या टाकीचं काम म्हणजे पाणी थांबवून धरणं. निदान एक दिवस पाणी निवांत थांबलं तर घाण तळाशी बसते, तेल-साय वर तरंगते, जिवाणू आपलं काम करतात आणि मधलं बऱ्यापैकी निवळ पाणी जमिनीत जिरायला शोषखड्ड्यात जातं. आता त्या घरात चौदा माणसं उतरवा आणि न्हाणीचं पाणीही त्याच टाकीत सोडा. दिवसाचे २८०० लिटर. म्हणजे पाणी टाकीत दहा तासही थांबत नाही. गाळ बसायच्या आधीच वाहून शोषखड्ड्यात जातो, तिथली मातीची छिद्रं बुजतात आणि रविवारी सकाळी, सगळे एकामागून एक संडासात जात असताना, खड्डा म्हणतो बस्स. मालक म्हणतो टाकी भरली, उपसणारी गाडी बोलवा. गाडी येते, टाकी रिकामी होते आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. कारण बिघडलाय तो शोषखड्डा. टाकी बिचारी उगाच बदनाम.

आपल्या आज्या-पणज्या न्हाणीचं पाणी कुठे सोडायच्या? केळीला, अळवाला. त्यांनी स्थापत्यशास्त्राचं पुस्तक वाचलं नव्हतं, पण टाकीवरचा निम्म्याहून जास्त भार त्या उतरवत होत्या. फ्लशचं पाणी माणशी ४० लिटर धरलं तर चौदा माणसांचे ५६०, म्हणजे तीच ११०० लिटरची टाकी पाण्याला जवळजवळ दोन दिवस थांबवते. पाइपचा मार्ग बदलायला एक प्लंबर आणि एक दिवस पुरतो. स्वयंपाकघराचं पाणी मात्र तेल अडवणारी छोटी कुंडी, म्हणजे ग्रीस ट्रॅप, लावूनच बाहेर काढा.

वाळू हा दुसरा शत्रू. समुद्रावरून आलेला पाहुणा बाथरूममध्ये वाळू धुतो. वाळू कुजत नाही, टाकीत थरावर थर बसत जातो. फाटकापाशी गुडघ्याच्या उंचीवर एक नळ आणि एक शॉवर लावा, खाली खडीचा वेगळा खड्डा करा. ‘पाय धुऊन आत या’ ही पाटी लावू नका. नळ वाटेत असला की पाटी लागत नाही, आणि वाटेत नसला तर पाटी कुणी वाचत नाही.

तिसरा शत्रू घरातलाच. केअरटेकर सोमवारी संडासात बाटलीभर ॲसिड ओततो आणि वर फिनेल. वास छान येतो आणि टाकीतले जिवाणू मरतात. साबण आणि ब्रश पुरेसा आहे. क्षारांचे डाग लिंबूसत्त्वाने जातात. आणि प्रत्येक संडासात पायाने उघडणारी झाकणाची बादली व शेजारी कागदी पिशव्या ठेवा. पॅड आणि ओले टिश्यू लोक मुद्दाम फ्लश करत नाहीत. टाकायला दुसरी जागा नसते म्हणून करतात.

शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर हवा. जांभ्यात तर जास्तच, कारण जांभ्याच्या भेगांतून पाणी न गाळता धावतं. जुलैत भूजल वर येतं तेव्हा खड्डा शोषायचा बंद होतो, म्हणून पावसाळ्यात माणसं कमी घ्या. टाकी दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसा, तळाचा थोडा गाळ विरजणासारखा राहू द्या. माणूस आत उतरवायचा नाही. आतल्या वायूने माणूस मरतो आणि २०१३ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली म्हणतात. बरं, दर.

प्रत्येक मुक्कामाला दोन तऱ्हेचे खर्च असतात. एक बुकिंगमागे, दुसरा रात्रीमागे. सफाई, चादरी-टॉवेल धुणं, साबण-चहापूड हा पहिला, समजा १६०० रुपये. वीज हा दुसरा, समजा ७००. बुकिंगच्या ॲपचं कमिशन समजा १५ टक्के. शनिवारची एक रात्र ८००० ला दिली तर कमिशनचे १२००, मग १६००, मग ७०० वजा जाऊन ४५०० उरतात. शुक्रवार-शनिवार दोन रात्री ५०० नी स्वस्त, ७५०० प्रमाणे दिल्या तर १५००० मधून २२५०, १६०० आणि १४०० जाऊन ९७५०, म्हणजे रात्रीमागे ४८७५. दर उतरवूनही रात्रीमागे जास्त उरले, आणि शुक्रवार रिकामा गेला नाही. म्हणून शनिवारला किमान दोन रात्रींची अट लावा. एक रात्र द्यायचीच तर सफाईचे पैसे वेगळे दाखवा. गुरुवारपर्यंत बुकिंग आलं नाही तर अट काढा.

चादरींचे प्रत्येक पलंगाला तीन संच: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा, कारण वाळतच नाही. घर सोडण्याची वेळ ११, प्रवेश २. मधल्या तीन तासांत सफाई होते आणि टाकी भरते. ही वेळ पाहुण्याच्या आग्रहाने कमी करू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा फलकावरून ‘ताजी सुरमई’ पुसा. पाहुण्याला कळत नाही, पण त्याच्याबरोबर आलेल्या मालवणी सासूला कळतं.

कागदपत्रं भराभर. सगळ्यांची ओळखपत्रं आणि नोंदवही. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद, जिला सी फॉर्म म्हणायचे. ॲपवाले ०.१ टक्का टीडीएस, म्हणजे आयकर आधीच, कापतात, पण पॅन दिलेला नसेल तर ५ टक्के. जीएसटी रोजच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही आणि ॲपवरच्या बुकिंगचा कर ॲपच भरतं.

शेवटचं, जादा माणसं. आठ लिहून बारा येतात. ‘मुलंच आहेत’ म्हणतात, त्यातली दोन मुलं दाढीवाली असतात. गादीचे पैसे मागाल तर ‘आम्ही खाली झोपू’ म्हणतील. म्हणून दर गादीला नको, माणसाला लावा. आठच्या पुढे माणशी अमुक, झोपा कुठेही. बुकिंग झालं त्याच दिवशी हे लिहून पाठवा, दारात उभं राहून सांगू नका. आणि टाकीला झेपणारा आकडा आला की त्यापुढे पैसे दिले तरी नाही म्हणा. प्रश्न बाहेर पडवीत घेऊ, दराचे आधी. झाकण सापडत नसलेल्यांनी थोडं थांबावं, त्यांना वेळ लागेल.