मिरगाच्या आत

(दृश्य : पहाटेची हापूसची बाग. पानांतून वर सरकणारी लांब काठी.)

सकाळचे सात वाजले आहेत आणि बागेत अजून ऊन उतरलेले नाही. शेंड्याजवळ लटकलेल्या फळाकडे एक लांब काठी हळूहळू सरकते, तिच्या टोकाची लोखंडी कडी फळाखालून वर येते, कडीवरचे पाते देठाला भिडते, हलका हिसका बसतो आणि आंबा जाळीत अलगद पडतो. काठी खाली आल्यावर जाळीतून बाहेर काढलेले फळ नीट पाहावे. त्याला बोटाच्या पेराएवढा देठ शिल्लक आहे.

सगळी गोष्ट या देठाचीच आहे. देठ मुळातून उपटला गेला तर चीक सालीवर ओघळतो, जिथे ओघळतो तिथे साल करपल्यासारखी काळी पडते आणि देठाच्या उघड्या जखमेतून शिरलेली बुरशी फळ पेटीतच कुजवायला लागते. देठ राहिला तर यांतले बरेचसे टळते. झाडावर चढून फांदी हलवणाऱ्याला हे साधत नाही आणि साध्या घळीने, म्हणजे आंबे काढायच्या जुन्या काठीने, ओढून काढलेल्या फळालाही देठ क्वचितच राहतो. म्हणून डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पाते आणि जाळी एकाच कडीवर बसवून हा झेला विकसित केला. तो ‘नूतन झेला’ या नावाने ओळखला जातो, आणि बागेत मात्र त्याला कोणी नूतन म्हणत नाही, नुसते झेला म्हणतात.

फळ उतरवण्याचीही वेळ ठरलेली असते. आंबा चौदा आणे, म्हणजे सोळा भागांपैकी चौदा भाग, तयार झाला की काढावा, सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर काढावा आणि काढलेले फळ तापलेल्या जमिनीवर ठेवू नये, ही विद्यापीठाची शिफारस आहे. ती शिफारस साक्यामुळे आली. साका म्हणजे हापूसच्या गरात होणारा पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस भाग. तो बाहेरून ओळखू येत नाही आणि कापल्यावरच कळतो. त्याचा उष्णतेशी संबंध आहे, हे दिसून आल्यावर उत्तरे दोन दिशांनी शोधली गेली. एकीकडे काढणीची वेळ आणि पक्वता यांचे नियम बसवले गेले, तर दुसरीकडे वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साका न होणारी ‘रत्ना’ ही जात तयार झाली. ‘रत्ना’ १९८१ साली प्रसारित झाली. पुढे तिचाच हापूसशी संकर करून अतिशय पातळ कोयीची ‘सिंधू’ आली, ती १९९२ साली.

(दृश्य : दापोली. महाविद्यालयाचा आवार, जांभ्याच्या भिंती, ग्रंथालयाकडे जाणारा व्हरांडा.)

दापोलीत या विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. कोकणात मेच्या अठरा तारखेला आंब्याचे शेवटचे तोड चालू असतात, काजूची बी वाळत पडलेली असते आणि प्रत्येक घरात पावसाच्या तयारीची घाई असते, म्हणून ही तारीख योगायोगाने का होईना, पण नेमकी पडली आहे असे वाटते. या माहितीपटाच्या चित्रीकरणासाठी आम्ही येथील कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालयात आलो तेही याच दिवसांत. ग्रंथालयात पदव्युत्तर प्रबंध एका ओळीत उभे आहेत आणि त्यांच्या पाठीवरील विषय वाचत गेले की पहिल्या नजरेला त्यांत काहीच नाते दिसत नाही. मातीची धूप, वाळवणी यंत्रणा, ठिबक सिंचन, बायोगॅस, विळ्याचे दाते, भाताची मळणी, असे हे विषय आहेत. मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, कृषी यंत्रे व शक्ती, प्रक्रिया अभियांत्रिकी आणि ऊर्जा या विभागांनी आपापल्या वाटेने चालावे, तसे ते दिसतात.

त्यांना बांधणारा धागा बाहेरच्या आभाळात आहे. दक्षिण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. जांभ्याचा कातळ आणि त्यावरची विरळ माती ते पाणी धरून ठेवत नाहीत, उतारावरून ते ओढ्यात आणि ओढ्यातून खाडीत जाते, आणि एप्रिलमध्ये त्याच गावात विहिरीला दोर पुरत नाही. दुसरीकडे आंबा, काजू, रातांबे (कोकमाची फळे), फणस आणि करवंदे, म्हणजे ज्यावर घराचे वर्षभराचे रोख उत्पन्न अवलंबून आहे ते जवळजवळ सगळे, त्याच कोरड्या महिन्यांच्या शेवटी एकदम तयार होते आणि मिरग, म्हणजे पावसाचे मृग नक्षत्र, लागायच्या आत उतरवून, फोडून, वाळवून, भरून ठेवावे लागते. या महाविद्यालयात होणारे संशोधन ज्या दोन प्रश्नांभोवती फिरते ते हेच आहेत : पाणी पुढे कसे न्यावे आणि पीक पावसाआधी कसे आवरावे.

(दृश्य : अर्धगोल बोगद्यासारखा सौर शुष्कक. आत तबकांवर लालजांभळी साले.)

दुसऱ्या प्रश्नासाठी आवारातील हा बोगदा पाहावा. वाकवलेल्या पाइपांच्या कमानींवर पारदर्शक प्लॅस्टिकचे आवरण घातले आहे, खालची जमीन काळी केली आहे आणि टोकाला ओलसर हवा बाहेर टाकण्याची सोय ठेवली आहे. दार उघडले की गरम, आंबट वास अंगावर येतो. तबकांत रातांब्याची साले पसरली आहेत.

आमसूल करण्याची घरगुती रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पिकलेला रातांबा फोडून गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, सालींना मीठ लावायचे, सुटलेल्या रसात साली बुडवून काढायच्या, उन्हात घालायच्या, संध्याकाळी पुन्हा बुडवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळवायच्या. अशी पुटे देत आठवडा जातो. त्या आठवड्यात वळवाची एक सर आली तर साल बुरसटते, अंगणात माती उडते, कोंबड्या फिरतात. बोगद्यात पाऊस आणि धूळ येत नाही, हा त्याचा उघड फायदा झाला, परंतु महाविद्यालयाचे काम त्यापुढे सुरू होते. आतील हवा किती तापली म्हणजे साल लवकर वाळेल, हा साधा प्रश्न आहे. ती फार तापली तर सालीचा वरचा पापुद्रा आधीच कडक होतो आणि आतली ओल अडकून राहते, शिवाय ज्या लाल रंगासाठी आमसूल विकत घेतले जाते तो रंगही अति उष्णतेने फिका पडतो. कमी तापली तर बुरशीला वेळ मिळतो. या दोहोंमधली जागा शोधण्यासाठी विद्यार्थी ठरावीक वेळाने तबकातला नमुना बाहेर आणतो, तराजूवर ठेवतो, वजन वहीत लिहितो आणि नमुना परत आत ठेवतो. दिवसभर हेच चालते. वहीच्या पानावर घामाचा आणि रातांब्याच्या रसाचा डाग आहे, तो आम्ही मुद्दाम चित्रात ठेवला आहे.

याच पद्धतीने येथे सुक्या मासळीवरही काम झाले आहे. किनाऱ्यावर वाळूत पसरलेली सुकट आणि बोगद्यातल्या जाळीवर वाळलेली सुकट शेजारी ठेवली, की फरक सांगावा लागत नाही.

रातांब्याचे आणखी एक दुखणे शुष्ककाच्याही आधीचे आहे. बियांपासून उगवलेल्या रोपांतली साधारण निम्मी झाडे नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. कोवळ्या रोपावर मादी झाडाची काडी जोडण्याच्या मृदुकाष्ठ कलमाने हा जुगार संपला आणि पावसाआधी तयार होणारी ‘कोकण अमृता’ ही जात विद्यापीठाने दिली.

(दृश्य : लहान काजू कारखाना. बाष्पकातून निघणारी वाफ, टरफलांचा ढीग.)

काजूच्या कारखान्यात चित्रीकरण करताना धुरामुळे दोनदा थांबावे लागले. टरफलातील तेल तिखट असते, कातडीवर पडले तर फोड येतात आणि सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची टोके हंगामभर काळी राहतात. बी वाफवणे, फोडणे, गर वाळवणे, साल काढणे आणि प्रतवारी करणे या पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर किती सरपण, किती वीज आणि किती मनुष्यबळ खर्च होते, याचा हिशेब दापोलीच्या संशोधकांनी कोकणातल्या लहान कारखान्यांत बसून मांडला आहे. ऐकताना हे रुक्ष वाटेल, पण ज्या कारखानदाराची चूल टरफलांवर चालते त्याला आपली उष्णता नेमकी कुठून निसटते हे कोणी तरी मोजून सांगणे फार उपयोगाचे असते.

(दृश्य : ओढ्यातले दगड, त्यांवरील प्लॅस्टिक, मागे साठलेले पाणी.)

आता पाण्याकडे वळू. हा ‘कोकण विजय बंधारा’ आहे. पाऊस ओसरल्यावर ओढ्यात अजून धार वाहत असतानाच, ओढ्यातलेच दगड रचून भिंत घातली जाते आणि पाण्याच्या बाजूने तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरून तो दगड-मातीने दाबला जातो. सिमेंट लागत नाही, बाहेरून दगड आणावा लागत नाही, गावातली माणसे हाताने काम उरकतात. पक्का बंधारा पहिल्या पावसातच गाळाने भरतो किंवा पुराचा मार खातो, हा अनुभव कोकणाला नवा नाही. येथे कागद पावसाआधी गुंडाळून घरी न्यायचा असतो आणि पूर दगडांवरून खुशाल जाऊ द्यायचा असतो. डोंगरमाथ्यावर, जेथे ओढाच नाही, तेथे ‘कोकण जलकुंड’ आहे. लहान खड्ड्यात गवताचा थर, त्यावर प्लॅस्टिक आणि त्यात धरलेले पावसाचे पाणी, नव्याने लावलेली आंबा-काजूची कलमे पहिले उन्हाळे त्यावर काढतात. चित्रात कलमाच्या बुंध्याशी तांब्याने पाणी घालणारी आजी दिसते. तिचा तांब्या भरतो आहे तो अशाच एका कुंडातून.

भाताविषयी बोलायला हवे, परंतु आम्ही आलो तेव्हा खाचरे रिकामी होती. वैभव विळा मात्र आम्ही भिंतीवरून खाली काढून पाहिला. त्याच्या धारेला करवतीसारखे बारीक दाते आहेत. त्याने भात जमिनीलगत कापता येते, उंच खुंट उरत नाहीत, आणि खुंटात दडून राहणाऱ्या खोडकिड्याच्या अळ्यांना आसरा मिळत नाही. खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, २ आणि ३ या जाती, कर्जतचा ‘सह्याद्री’ संकरित भात आणि रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय हे विषय मोठे आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळे चित्रीकरण लागेल.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करून गेले. मिरगाच्या चार दिवस आधी. त्यानंतरची पुनर्लागवड, सर्व झेले आणि बंधारे धरूनही, अजून पुरी व्हायची आहे.

(दृश्य : संध्याकाळ. पश्चिमेला काळे ढग.)

हवामानावर आधारित कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. आजच्या सल्ल्यात वादळी पावसाची शक्यता सांगितली आहे. आवारातल्या बोगद्याचे दार विद्यार्थ्याने बंद केले आहे आणि शेवटचा नमुना तराजूवर आहे. काटा थांबेपर्यंत तो वाट पाहतो, आकडा लिहितो, पुन्हा एकदा बघतो आणि वही शर्टाच्या आत सरकवून पळत व्हरांड्यात येतो.