पाणी 39 फुटांवर असताना

(कोल्हापुरात छोट्या उद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

समोर शिरोलीचे फाउंड्रीवाले, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतणारे, दिसतायत, उद्यमनगरातले लेथवाले आहेत, शाहूपुरीचे दुकानदार आहेत, हुपरीहून चांदीचे कारागीरही आलेत. धंदे वेगळे असले तरी एक गोष्ट सगळ्यांना सारखीच लागू आहे. तुमच्या वर कुणी साहेब नाही. शेवटचा शब्द तुमचा, आणि त्याचं बरंवाईटही तुमच्याच नावावर.

आपल्या पंचगंगा नदीपासून सुरुवात करतो. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. जुलै 2021 मध्ये ते पुन्हा शहरात शिरलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत नेमके हेच दिवस गणपतीच्या हंगामाचे असतात. दुकान, माडी, मांडव, सगळीकडे मूर्ती. शाडूची मूर्ती पाण्यात सापडली की वर्षभराच्या भांडवलाचा चिखल होतो.

आता तिथल्या कारागिराच्या जागी उभे राहा. पाणी 39 वर आहे. मूर्ती हलवायच्या म्हटलं तर टेम्पोचं भाडं, उंचावरच्या जागेचं भाडं, शिवाय हलवाहलवीत एखादा हात नाहीतर सोंड दुखावणार, ओला रंग खराब होणार. इतकं करून पाऊस उघडला तर सगळा खर्च अंगावर. थांबावं म्हटलं तर 43 ला पोचल्यावर टेम्पो मिळत नाही, कारण तेव्हा सगळ्या गल्लीला टेम्पो हवा असतो. 39 वर हातात चार वाटा असतात, 43 वर एकच उरते. म्हणून जाणती माणसं 39 वरच मूर्ती हलवतात. एखाद्या वर्षी पाणी येत नाही. तरी त्यांचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. त्या संध्याकाळी जे माहीत होतं त्यावर तो बरोबरच होता. निर्णयाची किंमत नंतरच्या निकालावरून करायची सवय आपण सोडली पाहिजे, कारण त्या सवयीपायीच माणूस पुढच्या वेळी कचरतो.

उधारीवर मी जरा जास्त बोलणार आहे. मी अनेक वर्षं छोट्या कारखान्यांचे हिशेब बघतो. काम नाही म्हणून अडचणीत आलेले मला थोडे भेटले. बहुतेकांकडे काम भरपूर होतं, पैसे मात्र पार्टीकडे, म्हणजे माल घेणाऱ्याकडे, अडकले होते. पाडव्याचं बिल दसरा आला तरी निघालेलं नाही, आणि त्याच पार्टीचा पुढचा माल आज पुन्हा गाडीत चढतोय. विचारलं की उत्तर येतं, "जोर केला तर पार्टी तुटेल."

तेवढ्यात शनिवार येतो. पगार मंगळवारवर जातो. कामगार दारात उभा राहून म्हणतो, "मालक, पोरीची फी भरायची होती." तो बिचारा कुणाकडून तरी हातउसने घेतो, व्याजानं घेतो. बफिंगवाल्याचं बिल राहतं, वाळू पुरवणाऱ्याचं राहतं. पार्टीला दुखवायचं नाही हे ठरवलं मालकानं, आणि त्याचं व्याज भरतोय कामगार. याचा मला मनापासून राग येतो. आपण स्वतः सोसतोय असं मालकाला वाटत असतं, पण सोसणारे दुसरेच असतात. त्यांना त्या निर्णयात कुणी विचारलेलंही नसतं.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, तो वापरा. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी ठरलं नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. आर्थिक वर्ष 2023-24 पासून आयकरातही याला दात आले: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपनीचा अकाउंटंटच आता तुमचा उद्यम नोंदणी क्रमांक विचारतो. तो बिलावर छापलेला असू द्या. माल पोचल्याची सही आणि तारीख मालासोबतच्या चलनावर घ्या, कारण दिवस तिथून मोजतात. मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदारानं ती 15 दिवसांत लेखी करायची असते. महिन्यांनी फोनवर "माल बरोबर नव्हता" म्हणून भागत नाही. एक लक्षात ठेवा, हे संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे, निव्वळ व्यापार करणाऱ्यांना नाही. दुकानदारांनी उधारीची मर्यादा स्वतःच आखायची.

जबाबदारीची दुसरी बाजू मालाची. बिडाच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, आतला ब्लो होल, हवेनं झालेली पोकळी, वरून दिसत नाही. मशीनवर पहिला कट बसला की उघडा पडतो. काही ठिकाणी काय करतात ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे: पुट्टी भरायची, वर रंग मारायचा, गाडी सोडायची. माझ्या ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्यानं तसं केलं नाही. दोन नग खराब निघाल्यावर त्यानं त्या हीटचा, म्हणजे भट्टीच्या त्या एका घाण्याचा, सगळा माल बाजूला काढला, गेलेल्या नगांचे नंबर शोधले आणि पार्टीला स्वतः फोन केला. "हे नग मशीनवर चढवू नका. चढवले असतील तर मशीनिंगचा खर्च माझ्याकडून घ्या." नुकसान झालं, ते त्यानं सोसलं. सुपरवायझरला फोन करायला सांगितलं असतं तर त्या पोरानं बोलणी खाल्ली असती, आणि पुढच्या खेपेला ब्लो होल दिसला तरी तो मालकाला सांगायला धजला नसता.

अवघड ठिकाणी मालकानं स्वतः जायचं, हे या गावानं राजाकडून पाहिलंय. 1895 मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ वसवणारे शाहू महाराज नुसते फर्मान काढून थांबले नाहीत. गंगाराम कांबळ्यांनी चहाचं दुकान काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार, अशी गत होती. महाराज आपली गाडी तिथे थांबवायचे, स्वतः चहा घ्यायचे आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. ही गोष्ट आपण महाराजांची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मला गंगारामांचंही मोठेपण वाटतं. गिऱ्हाईक येईल की नाही याची काहीच खात्री नसताना चूल त्यांनी पेटवली होती.

प्रोप्रायटर, म्हणजे धंद्याचे एकटेच मालक, असलेल्यांना एक सांगायचं राहिलं. कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि तुमचा धंदा वेगळे नाही. धंद्याचं कर्ज तुमच्या राहत्या घरापर्यंत येऊ शकतं. घरात हे माहीत हवं. बायकोला, आईला कुणाचं किती येणं आहे आणि किती देणं आहे, हे आजच सांगा.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "एकच मोठी पार्टी आहे, ती तुटली तर?" ताई, तुटू शकते, मी खोटा धीर देणार नाही. म्हणून आज नोटीस पाठवू नका. आधी दुसरी पार्टी शोधा, लहान असली तरी चालेल. पहिलीला लेखी कळवा की जुनं बिल निघाल्याशिवाय नवा माल सुटणार नाही, आणि तारीख घाला. मग ती तारीख पाळा. तुमची बिलं बरोबर असतील तर कार्यक्रम संपल्यावर थांबा, पत्राचा मसुदा आपण इथेच बसून करू.