तिसरा सोमोसा

मित्रहो, आज ज्या माणसाबद्दल बोलायचं आहे, त्याचं नाव अनास्तासिओ सोमोसा देबायले. देश निकाराग्वा, आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान. 1937 ते 1979 या काळात तिथं एकाच घराची सत्ता होती. आधी बाप, मग थोरला मुलगा, मग धाकटा. अधूनमधून एखादा होयबा अध्यक्ष खुर्चीत बसवला जाई. पण बंदुका घरातच राहत. आपला नायक, म्हणायचं तर नायक, हा धाकटा.

बापाबद्दल थोडं सांगावं लागेल. त्याचंही नाव अनास्तासिओच, लोक त्याला 'ताचो' म्हणत आणि या धाकट्याला 'ताचितो'. अमेरिकेचे मरीन सैनिक 1933 च्या जानेवारीत निकाराग्वातून गेले. जाताना त्यांनी उभं केलेलं नॅशनल गार्ड हे दल मागे राहिलं. सैन्य तेच आणि पोलीसही तेच. ताचो त्याचा प्रमुख झाला. मरीनांशी सहा वर्षं लढलेला सांदिनो आता तहाची बोलणी करत होता. 21 फेब्रुवारी 1934 च्या रात्री राष्ट्राध्यक्षांकडचं जेवण उरकून तो बाहेर पडला, तेव्हा गार्डने त्याला पकडून गोळ्या घातल्या. ते राष्ट्राध्यक्ष साकासा हे ताचोच्या बायकोचे सख्खे मामा. दोनच वर्षांत ताचोने आपल्या या मामेसासऱ्यांनाही घरी बसवलं.

तर ताचितोचा जन्म 1925 चा, लेओन शहरातला. शिक्षण मात्र अमेरिकेत. 1946 मध्ये तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडला. तिथल्या मुलांना पदवीची भेट म्हणून बाप गाडी देतो, ह्याला बापाने सैन्य दिलं, असा विनोद त्याच्याबद्दल केला जाई. अतिशयोक्ती फारशी नव्हती. परत येताच तो गार्डमधल्या वरच्या पदांवर चढला. लग्नही अमेरिकेतच जन्मलेल्या मावसबहिणीशी, होप पोर्तोकारेरो हिच्याशी झालं. त्याच्या इंग्रजीला अमेरिकन वळण होतं आणि वॉशिंग्टनच्या खासदारांशी तो बरोबरीच्या नात्याने बोलायचा. या बोलण्याला किंमत होती. 1961 मध्ये क्यूबाच्या कॅस्ट्रोला उलथवण्यासाठी अमेरिकेने आखलेली बे ऑफ पिग्जची मोहीम निघाली ती निकाराग्वाच्या पुएर्तो काबेसास बंदरातून. असा शेजारी अमेरिकेला हवाच होता.

1956 च्या सप्टेंबरात लेओनमध्ये एका नाचाच्या मेजवानीत रिगोबेर्तो लोपेस पेरेस या तरुण कवीने ताचोवर गोळ्या झाडल्या. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी डॉक्टर पाठवले, पनामा कालव्याच्या अमेरिकी इस्पितळात नेलं, पण आठ दिवसांत ताचो गेला. थोरला लुईस राष्ट्राध्यक्ष झाला आणि गार्ड धाकट्याकडे. त्यानंतरच्या धरपकडीत पकडून छळलेल्यांमध्ये 'ला प्रेन्सा' या दैनिकाचे पेद्रो होआकिन चामोरो होते. हे नाव लक्षात ठेवा.

लुईस जरा सबुरीचा. घराण्याने पुढे उभं न राहता मागून सूत्रं हलवावीत, हे त्याचं मत. धाकट्याला ते मान्य नव्हतं. 1967 च्या निवडणुकीला तो स्वतः उभा राहिला. 22 जानेवारीला राजधानी मानाग्वात विरोधकांचा प्रचंड मोर्चा निघाला आणि गार्डने त्यावर गोळीबार केला. मृतांचा आकडा आजही वादाचा आहे. ताचितो अर्थातच निवडून आला. त्याच वसंतात लुईस हृदयविकाराने गेला आणि घरात 'जरा दमाने घे' म्हणणारं कोणी उरलं नाही.

इथे मला थोडं थांबायचंय. या माणसाला आपण सरसकट कम्युनिस्टविरोधी हुकूमशहा म्हणून मोकळे होतो. तो तसा होताच. पण मला विचाराल तर तो आधी व्यापारी होता, आणि गार्ड हे त्याच्या दुकानाचं शटर. विमान कंपनी घराण्याची, जहाज कंपनी घराण्याची, सिमेंट, साखर, गुरं, जमिनी, वर्तमानपत्र आणि मर्सिडीज गाड्यांची एजन्सीसुद्धा. तरीही बापाच्या काळापासून एक अलिखित वाटणी होती. देशातल्या बाकीच्या धनिक घराण्यांनी कापूस, कॉफी आणि बँका सांभाळाव्यात, राजकारणात नाक खुपसू नये. त्यांचं पोट भरत होतं, म्हणून ती गप्प होती.

ही वाटणी मोडली भूकंपाने. 23 डिसेंबर 1972, मध्यरात्र उलटून अर्धा तास. मानाग्वाचं मध्यवर्ती शहर काही सेकंदांत झोपलं. पाच ते दहा हजार माणसं गेली असा अंदाज आहे. मोठ्या इमारतींपैकी जी थोडी उभी राहिली त्यात इंटरकॉन्टिनेंटल हॉटेल होतं. तिथे अमेरिकन अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज मुक्कामाला होता, तो तातडीने विमानाने निघून गेला. पहिले काही तास गार्ड तर दिसेनासंच झालं. शिपाई आपापल्या घरी धावले, आणि परतले तेव्हा त्यातले बरेच लुटालुटीत सामील झाले.

त्या वेळी कागदोपत्री ताचितो राष्ट्राध्यक्ष नव्हता. मुदत संपल्यावर पुन्हा उभं राहता येत नव्हतं म्हणून विरोधी नेत्याशी समझोता करून त्याने तिघांचं मंडळ खुर्चीवर बसवलं होतं. भूकंपानंतर तो आपत्कालीन समितीचा प्रमुख झाला आणि जगभरातून येणारी मदत त्याच्या हातून वाटली जाऊ लागली. वाटली जाऊ लागली असं म्हणायचं एवढंच. तंबू, औषधं, डबाबंद अन्न बाजारात विकायला आलं. पोर्तो रिकोचा बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेन्ते महिन्याभरापूर्वीच आपल्या देशाचा संघ घेऊन मानाग्वात येऊन गेला होता. आपण पाठवलेलं सामान गार्ड पळवतंय हे ऐकून तो 31 डिसेंबरला स्वतःच विमानात बसला. सान हुआनहून उडालेलं ते जास्त लादलेलं जुनं विमान समुद्रात कोसळलं.

त्याहून मोठा डल्ला पुनर्बांधणीत होता. नवं शहर जिथे वसवायचं त्या जमिनी आधीच घराण्याच्या आणि गोतावळ्याच्या हाती. पाडकाम त्यांचं, बांधकाम त्यांचं, सिमेंट त्यांचं. रस्त्यांना डांबराऐवजी सिमेंटचे षट्कोनी ठोकळे बसवायचे ठरले आणि ठोकळे पाडायचा कारखानाही सोमोसाचाच. हे ठोकळे हाताने उचकटता येतात. 1978-79 च्या उठावात पोरांनी नेमके तेच उपसून गल्लोगल्ली छातीइतके अडथळे रचले आणि त्यांच्याआडून गार्डवर गोळ्या झाडल्या.

पण ते नंतर. आधी धनिक घराणी बिथरली. भूकंपाच्या पैशात आपल्याला वाटा नाही, उलट हा आपल्याच धंद्यात घुसतोय, हे त्यांना कळलं. सोमोसा खऱ्या अर्थाने पडला तो इथे. सांदिनोचं नाव घेऊन लढणाऱ्या डाव्या सांदिनिस्ता गनिमांची संख्या तेव्हा नगण्य होती. त्यांनी 1974 च्या डिसेंबरात एका माजी मंत्र्याच्या घरच्या मेजवानीवर छापा घालून बडे पाहुणे ओलीस धरले आणि दहा लाख डॉलर्स व चौदा कैदी सोडवून घेतले. सुटलेल्यांत दानिएल ओर्तेगा होता, आज तिथे पत्नीला सहराष्ट्राध्यक्ष करून राज्य करणारा तोच. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

चामोरोंच्या 'ला प्रेन्सा'ने आणखी एक प्रकरण काढलं. मानाग्वात एक कंपनी गरिबांचं रक्तद्रव्य विकत घेऊन परदेशी पाठवत होती आणि त्यात सोमोसाचा हिस्सा होता. भुकेल्या माणसांच्या शिरेतूनसुद्धा हा घराणी धंदा वाहत होता! 10 जानेवारी 1978 ला सकाळी कचेरीकडे गाडी चालवत निघालेल्या चामोरोंना भर रस्त्यात गोळ्या घातल्या. संतापलेल्या जमावाने ते रक्तकेंद्र जाळलं. त्यानंतरचा बंद पुकारला तो मजुरांनी नव्हे, कारखानदार आणि व्यापाऱ्यांनी.

पुढची घसरण झपाट्याची. ऑगस्टमध्ये गनिमांनी संसदच ओलीस धरली. 20 जून 1979 ला गार्डच्या एका शिपायाने अमेरिकन वार्ताहर बिल स्ट्युअर्टला जमिनीवर झोपवून डोक्यात गोळी घातली आणि ते चित्रीकरण अमेरिकेच्या घराघरांत दिसलं. कार्टर सरकारला आता त्याचा बचाव परवडणारा नव्हता. तिस्कापाच्या टेकडीवरच्या बंकरमध्ये बसून स्वतःच्याच शहरांवर विमानांतून बॉम्ब टाकणारा ताचितो 17 जुलैला मयामीला पळाला. दोन दिवसांनी सांदिनिस्ता मानाग्वात शिरले. तिजोरीत जेमतेम काही लाख डॉलर्स आणि डोक्यावर दीड अब्जाहून अधिक कर्ज.

वेस्ट पॉइंटच्या या जावईबापूंना अमेरिकेनेही ठेवून घेतलं नाही. बहामात काही दिवस काढून तो पाराग्वेत तिथला हुकूमशहा स्ट्रोसनर याच्या आश्रयाला गेला. अर्जेंटिनाच्या गनिमांची एक तुकडी त्याच्या मागावर होती. त्यांनी आसुन्सिओनमध्ये त्याच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर घर भाड्याने घेतलं आणि मालकिणीला सांगितलं, गायक हुलिओ इग्लेसियास राहायला येणार आहे, बोभाटा करू नका. त्यांचा एक जण कोपऱ्यावर वर्तमानपत्रं विकत बसायचा. 17 सप्टेंबर 1980 ला सकाळी मर्सिडीज आली. पहिला रॉकेट उडालाच नाही, दुसऱ्याने गाडी फोडली. चालक आणि आर्थिक सल्लागारही त्यात मेले. सोमोसाचं दफन मयामीत झालं.

गार्डमधून होन्डुरासला पळालेल्यांचं पुढे काय झालं, आणि त्यातून कॉन्ट्रा, म्हणजे सांदिनिस्ता सरकारविरुद्ध लढणारे बंडखोर, कसे उभे राहिले, अशा दोन चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या आहेत. त्या आता प्रश्नोत्तरात घेऊ.