पायाळू बाळ आणि आईची करंगळी

श्रोतेहो, नमस्कार.

पाठीत उसण भरली की आपल्याकडे खेड्यापाड्यांत पायाळू माणूस शोधतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण पळते, असा समज. (वीजही म्हणे त्याच्यावरच पडते, म्हणजे बिचाऱ्याला पावसाळ्यात घराबाहेर पडायची चोरी!) चीनमधली रीत याच्या उलटी. मूल पायाळू जन्मू नये, पोटातच फिरून त्याचं डोकं खाली यावं, म्हणून तिथे आईच्या पायावर उपचार करतात.

पायाच्या करंगळीच्या नखाचा बाहेरचा कोपरा आठवा. त्याला लागूनच ‘झियिन’ नावाचा ॲक्युपंक्चरचा, म्हणजे सुया टोचून करायच्या चिनी उपचाराचा, बिंदू आहे. चिनी वैद्यकानुसार मूत्राशयाची वाहिनी (म्हणजे शरीरातल्या ऊर्जेची मानलेली वाट) डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून निघते, डोक्यावरून, पाठीवरून, पोटरीवरून उतरत इथे येऊन संपते. तिच्यावरचा हा सदुसष्टावा, शेवटचा बिंदू. झियिन म्हणजे ‘यिनपाशी पोहोचणे’; यिन ही चिनी कल्पनेतली थंड, शांत शक्ती.

या कामासाठी इथे सहसा सुई टोचत नाहीत, ऊब देतात. वाळलेल्या पानांचा कापसासारखा भुगा कागदात वळून जाडजूड विडी करायची, पेटवायची आणि कातडीला न टेकवता करंगळीजवळ धरायची. ही पानं आर्टेमिसिया कुळातली. जोतिबाला वाहतात तो आपला दवणाही त्याच कुळातला!

आता तुम्ही विचाराल, याने मूल खरंच फिरतं का? चीनच्या जियांग्शी प्रांतात पहिलटकरणींवर एक चाचणी झाली, १९९८ साली ती प्रसिद्ध झाली. तेहतिसाव्या आठवड्यात मूल पायाळू असलेल्या २६० जणी. निम्म्यांना ऊब दिली, निम्म्यांना नाही. पस्तिसाव्या आठवड्यात ऊब घेतलेल्या १३० पैकी ९८ जणींच्या बाळांचं डोकं खाली आलेलं होतं. उरलेल्या १३० पैकी ६२ जणींच्या. बघा, काहीही न करता जवळजवळ निम्मी बाळं आपली आपणच फिरली. गावोगावच्या सगळ्याच उपायांना मिळणारं अर्धं यश बहुधा इथूनच येतं, असं मला वाटतं.

पुढे इटलीत तसाच प्रयोग झाला. तिथे १२३ जणींमध्ये काही फरक दिसला नाही, आणि तो मध्येच थांबवावा लागला. धुराच्या वासाने मळमळतं, घसा खवखवतो, पोटात कळा येतात अशा तक्रारी होत्या. चीनमध्ये याच धुरात बायका निमूट बसल्या होत्या. कदाचित तो वास त्यांच्या घरातलाच असेल.

तेव्हा सोनोग्राफीत ‘मूल पायाळू आहे’ असं कळलं, तर घरी विडी पेटवू नका. पोटावरून हाताने बाळ फिरवता येईल का, आणि केव्हा, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. अजून सात-आठ आठवडे हाताशी असतील, तर बाळ स्वतःच कोलांटी मारण्याची शक्यता बरीच आहे.

नमस्कार.